एसी ऑफिसातली कोरडी हवा आणि कुंडीतली झाडं : कोकणातल्या नवशिक्यांसाठी

मे महिन्यात रत्नागिरीत दुपारी दहा पावलं चाललं की सदरा पाठीला चिकटतो. त्याच दुपारी आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर व्हॅसलीनची डबी आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते. समुद्र हाकेच्या अंतरावर, बाहेर हवेत पाणी मावत नाही, आणि आत बसलेल्या माणसांचे ओठ फुटतायत.

कारण साधं आहे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच एसीच्या पोटात दिवसभर चाललेलं असतं. खोलीतली हवा गार कॉइलवरून जाते, तिच्यातली वाफ तिथे पाणी होऊन साचते आणि पाइपातून बाहेर पडते. दमट दिवसात दीड टनाचा एसी असं तासाला लिटरभर पाणी सहज टाकतो. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर हा पाइप टपकतो तिथे भर उन्हाळ्यात शेवाळ धरलेलं होतं आणि जांभ्याच्या फटीतून नेचे वर आलेले. ते बघून डोक्यात आलं की भिंतीबाहेर फुकट चाललेलं हे पाणी आत आणून कुंड्यांना घातलं तर? झाड ते पानांतून पुन्हा खोलीत सोडेल. विचार बरोबर होता. फक्त किती झाडं, कुठली आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात, हे कळायला दोन वर्षं गेली आणि डझनभर झाडं मेली. तुमची तेवढी वाचावीत म्हणून हे लिहितोय.

पहिली पायरी : झाड नको, आधी मीटर आणा

हवा कोरडी आहे असं वाटणं आणि ती खरोखर कोरडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी लववतो, त्यानेही डोळे चुरचुरतात. एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर हवेत कितीही ओल असली तरी घसा खवखवतो. म्हणून पाचशेच्या आत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, आधी विकत घ्या. नर्सरीत नंतर जायचंय.

स्वस्तातलं मीटर खोटं बोलू शकतं. ते तपासायची युक्ती स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवून रात्रभर तसंच राहू द्या. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर ते पाच अंक कमी दाखवतंय, पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्यामागेही हाच आकडा आहे. हवा पंच्याहत्तरच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढायला लागतं.

आता मीटर तुमच्या टेबलावर, बसल्यावर नाकाच्या उंचीला येईल असं ठेवा. एसीच्या समोर नको, खिडकीत नको, कॉम्प्युटरच्या पंख्याजवळही नको. आठवडाभर तीन वेळा आकडा लिहा : ऑफिस उघडल्यावर, जेवणाच्या सुट्टीआधी आणि संध्याकाळी पाचला. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल.

४० ते ६० च्या मध्ये असाल तर हवा ठीक आहे. झाडं हौसेने लावा, औषध म्हणून नको. सतत ४० च्या खाली असाल तर पुढे वाचा. आणि ६० च्या वर असाल तर कृपा करून खोलीत एकही नवी कुंडी आणू नका. तुमचं दुखणं वेगळं आहे, भिंतीलगतच्या कपाटातल्या फायली हुंगून बघा, बुरशीचा वास आला की कळेल.

आमच्याकडे आकडे सर्वांत खाली येतात ते डिसेंबर ते मार्चमध्ये. थंडीत सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा कोरडाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडचा वारा जोर धरतो, खारा वारा दुपारी उशिरा सुटतो, आणि तोवर बाहेरचीच हवा पापड वाळवायच्या लायकीची झालेली असते. त्यात एसी लावला की मीटर तिशीत येतं.

दुसरी पायरी : एसीशी तडजोड

ही पायरी लोक गाळतात. झाडं दिसतात, फोटोत येतात. एसीची पट्टी वर केलेली कोणाला दिसत नाही. पण माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

पट्ट्या छताकडे वळवा, म्हणजे गार हवा वरून पसरून खाली येईल. तापमान २५-२६ वर ठेवून छताचा पंखा मंद लावा. २०२० पासून आपल्याकडचे नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, तरी येणारा प्रत्येक माणूस रिमोट उचलून तो १८ वर आणतो. त्याने खोली लवकर गार होत नाही. एसी फक्त जास्त वेळ चालत राहतो आणि हवा जास्त पिळून काढतो. रिमोटवर 'ड्राय' नावाचं बटण असतं, ते पावसाळ्यासाठी आहे. आमच्याकडे कोणीतरी ते जानेवारीत दाबून ठेवलं होतं आणि तीन आठवडे सगळे खोकत होते.

मग खिडकी. चार मीटर बाय पाच मीटर, तीन मीटर उंच अशी खोली धरा, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांचं छोटं ऑफिस. २४ अंशांवर आणि ४० टक्के आर्द्रतेला त्या सगळ्या खोलीच्या हवेत मिळून जेमतेम अर्धा लिटर पाणी असतं. बाहेर ३० अंश आणि ७५ टक्के असताना तेवढ्याच हवेत सव्वा लिटरहून जास्त असतं. जेवणाच्या सुट्टीत एसी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या आणि खोलीतली निम्मी हवा बदलली, तर चारेकशे मिलिलिटर पाणी फुकटात आत येतं. तेवढं पाणी हवेत सोडायला पाच-सहा मोठ्या झाडांना पूर्ण दिवस लागतो. समुद्रकाठी राहण्याचा हा फायदा पुण्या-सोलापूरच्या ऑफिसांना नाही. अर्थात एसी पुन्हा लावला की तो तेही पाणी काढायला लागणारच. आणि वर म्हटल्याप्रमाणे पूर्वेचा कोरडा वारा असेल त्या दिवशी खिडकी उघडून काही मिळणार नाही. त्या दिवशी मीटर खिडकीबाहेर धरून बघा, मग ठरवा.

तिसरी पायरी : झाडांकडून किती अपेक्षा धरायची

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत 'नासाने सिद्ध केलेली हवा शुद्ध करणारी झाडं' असतात. नासाचा तो अभ्यास खरा आहे. १९८९ सालचा, बिल वॉल्व्हर्टन यांचा. पण ती झाडं छोट्या बंद पेट्यांत ठेवली होती, ऑफिसात नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अनेक वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला. इमारतीत हवा खेळते तेवढ्यानेच जितके घाण वायू बाहेर जातात, तितके काढायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडं लागतील, असं त्यातून निघालं. म्हणजे माणसांना बसायला जागा उरणार नाही. तेव्हा प्रिंटरचा वास, फर्निचरच्या पॉलिशचा वास यासाठी झाडं आणू नका, खिडकी उघडा.

ओलाव्याचं मात्र तसं नाही. झाड मुळांतून जेवढं पाणी ओढतं त्यातलं अगदी थोडं स्वतःसाठी ठेवतं, बाकी जवळपास सगळं पानांच्या रंध्रांतून हवेत सोडतं. म्हणून हिशेब सोपा होतो : आठवड्याला कुंडीत जेवढं पाणी घातलं आणि ताटलीत उतरलं नाही, तेवढं खोलीच्या हवेत गेलं. खात्री करायची असेल तर कुंडी सकाळी आणि संध्याकाळी वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले तितके मिलिलिटर हवेत. आमच्या मध्यम आकाराच्या कुंड्या बऱ्या उजेडात दहा ते पाचमध्ये पन्नास ते ऐंशी ग्रॅम उतरतात, कोपऱ्यातल्या वीससुद्धा नाही. मोठं अरेका पाम दिवसाला लिटरभर पाणी सोडतं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. भरपूर उजेडात सोडतही असेल, ट्यूबलाइटखाली नाही.

वरच्या खोलीत आर्द्रता ४० वरून ५० वर न्यायची तर एकदाच १३० ग्रॅम वाफ पुरेल. पण एकदा टाकून भागत नाही, एसी दर तासाला तीच हवा पुन्हा पिळतो. तेवढ्या खोलीत आठ-दहा चांगली झाडं ठेवल्यावर आमचं मीटर तीन-चार अंकांनी वर आलं. थोडं वाटेल. पण झाडांच्या घोळक्यात, टेबलापासून दोन फुटांवर मीटर ठेवलं की आणखी दोन-तीन अंक जास्त दिसतात, आणि आपण बसतो ते तिथेच. एसीची तडजोड, दुपारची खिडकी आणि झाडं असं तिन्ही मिळून आम्ही चौतिसावरून पंचेचाळिसाच्या आसपास आलो. नुसत्या झाडांनी आलो नसतो.

चौथी पायरी : निवड

आमच्या ऑफिसातले मामा पहिली कुंडी बघून म्हणाले होते, "साहेब, बाहेर झाडं कमी आहेत काय?" बाहेरची झाडं आत जगत नाहीत ही अडचण आहे. तगर, जास्वंद, अनंत यांना ऊन लागतं. आत टिकतील ती मूळची दाट रानाच्या सावलीतली झाडं.

निवडताना एकच प्रश्न विचारा : पानं किती आणि कशी? पातळ, रुंद आणि भरपूर पानं असलेलं झाड जास्त पाणी सोडतं. जाड, मांसल पानांचं झाड पाणी धरून ठेवतं. स्नेक प्लांट सगळीकडे खपतं, मरत नाही म्हणून. पण ते आपली रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, आणि रात्री ऑफिसला कुलूप असतं. झीझी प्लांटही तसंच कंजूष. दिसायला ठेवा, हवेच्या हिशेबात धरू नका.

मी सुरुवातीला घ्यायला सांगेन ती ही.

अरेका पाम दोन, चार-पाच फुटी. एका कुंडीत अनेक खोडं असतात, म्हणून पानं पुष्कळ. गंमत अशी की वनस्पतिशास्त्रात 'अरेका' म्हणजे आपल्या आगरातली सुपारी. नर्सरीतलं अरेका पाम मादागास्करचं, कूळ तेच पण नाव उसनं. लहान असताना दोन्ही इतकी सारखी दिसतात की आमच्या एका शेजाऱ्यांनी परसातलं सुपारीचं रोप कुंडीत घालून ऑफिसात आणलं. ते उन्हाशिवाय महिन्याभरात गेलं.

पीस लिली तीन-चार. नवशिक्याला हिच्यासारखी शिक्षिका नाही. तहान लागली की सगळी पानं मान टाकतात, पाणी घातलं की दोन-तीन तासांत उभी राहतात. मात्र रोज रुसायला लावू नका, मग पानांच्या कडा करपतात.

मनीप्लांट आणि सिंगोनियम, हव्या तितक्या. वेल कपाटावर चढवा, पानांचं क्षेत्र वाढतं आणि जागा जात नाही. कोणाच्या तरी घरून फांदी मागून आणा, विकत कशाला घ्यायची. विकत घेतलेलं जगत नाही असं आमच्याकडे म्हणतातच.

पीस लिली, मनीप्लांट, सिंगोनियम ही तिन्ही अळूच्या कुळातली आहेत हे लक्षात असू द्या. अळू नीट शिजलं नाही, चिंच किंवा आमसूल पडलं नाही तर घशाला खाज येते, तेच बारीक सुईसारखे स्फटिक यांच्या पानांतही असतात. ऑफिसात कोणी मुलांना घेऊन येत असेल तर कुंड्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. छाटणी केल्यावर हात धुवा.

स्पायडर प्लांट एखादं, खिडकीच्या गजाला टांगून. रबर प्लांट जागा असेल तर.

बॉस्टन फर्न मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. श्रावणात प्रत्येक गडग्यावर नेचे फुटलेले बघून वाटतं की हे तर आपलंच झाड. ते पाणी भरपूर सोडतं हे खरं, पण त्याला स्वतःला हवाही तितकीच ओली लागते. एसीत आठवड्यात पिवळं पडून टेबलभर कचरा करतं. मी तीन मारली.

खरेदी गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर करा. आपल्याकडच्या बऱ्याच रोपवाटिकांचा जीव आंबा-काजूच्या कलमांत असतो, शोभेची झाडं बाहेरून आलेली असतात आणि हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. त्यांना थेट एसीत आणलं की पानं गळतात. आधी आठ-दहा दिवस पडवीत किंवा जिन्यात ठेवा. मग दिवसा आत, संध्याकाळी बाहेर असं आठवडाभर. मग कायमची आत.

पाचवी पायरी : कुंडी आणि माती

इथली तांबडी माती आगरात सोनं आहे, कुंडीत तीच वीट होते. नुसत्या लाल मातीत लावलेलं झाड वरून सुकलेलं आणि तळाशी कुजलेलं असतं. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा जुनं कुजलेलं शेणखत, आणि ओंजळभर भाताचं तूस. शेणखत पुरतं कुजलेलं नसेल तर बंद खोलीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल.

कोकोपीट नारळाच्या सोडणापासून बनतं. किनाऱ्यावरची सोडणं अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, म्हणून कोकोपीट बादलीत भिजवून, पिळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच वापरा. पिशवीवर 'धुतलेलं' लिहिलं असलं तरीही. कुंडीच्या भोकावर करवंटीचा तुकडा पालथा ठेवला की माती वाहून जात नाही. बिनभोकाची चकचकीत भांडी भेट म्हणून येतात, त्यात थेट झाड लावू नका. साध्या कुंडीतलं झाड त्यात ठेवा.

सहावी पायरी : जागा

भर दुपारी, दिवे बंद करून, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढऱ्या कागदावर हात धरा. सावलीला कडा दिसत असतील तर झाड तिथे काम करेल. नुसता अंधुक डाग दिसला तर जगेल, पण पाणी सोडणार नाही. सावलीच दिसली नाही तर तिथे प्लास्टिकचं ठेवा. पश्चिमेच्या खिडकीत मार्चनंतर चारचं ऊन पानं भाजतं, तिथे पातळ पडदा हवा.

झाडं खोलीभर विखरू नका. बँकेत दारात एक, कोपऱ्यात एक अशी कुंड्यांची पहारेकऱ्यांसारखी रांग असते, ती शोभेसाठी. तीन-तीन, चार-चारचे घोळके करून माणसांच्या बसण्याजवळ ठेवा. घोळक्यातली झाडं एकमेकांनाही ओल देतात. एसीच्या झोतात एकही नको. यूपीएस, प्रिंटर आणि विजेच्या बोर्डाच्या वर कुंडी ठेवू नका, हे सांगायची गरज नसावी, पण आमच्याकडे एक प्रिंटर असाच गेला.

सातवी पायरी : पाणी, आणि डास

झाडं मरतात ती बहुतेक पाणी जास्त झाल्याने. जास्त पाणी घातल्याने हवा जास्त ओली होत नाही, मुळं कुजतात आणि झाड उलट कमी पाणी ओढतं. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी घाला, ओलं लागलं तर बोट पुसून कामाला लागा. एसी खोलीत हे साधारण तीन-चार दिवसांनी येतं. आणि काम एकाच माणसाकडे द्या. पाच जणांनी मायेने घातलेल्या पाण्यात माझी पहिली पीस लिली बुडून मेली.

आता तो एसीचा पाइप. त्याखाली झाकणाची बादली ठेवा, झाकणाला पाइपापुरतं भोक पाडा आणि फट चिंधीने बंद करा. हे पाणी म्हणजे हवेतली वाफ, त्यात क्षार जवळजवळ नसतात. खाडीकाठच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात, स्पायडर प्लांटची सर्वांत आधी. एसीच्या पाण्याने हा त्रास जातो. पण त्यात पोषण काहीच नाही, तेव्हा महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरून द्या. एसीची सर्व्हिसिंग झाली त्या दिवशीचं पाणी टाकून द्या, त्यात धुण्याचं औषध असतं. हे पाणी पिऊ नका. बादलीला दुसरंही काम आहे : पाणी झपाट्याने भरत असेल तर हवा दमट आहे, दिवसात तांब्याभरही जमत नसेल तर हवा आधीच कोरडी आहे.

कुंडीखालची ताटली पाणी घातल्यावर अर्ध्या तासात रिकामी करा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. बाटलीतल्या पाण्यात ठेवलेला मनीप्लांट हे त्याचं आवडतं ठिकाण. पाण्यात ठेवायचाच असेल तर आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून, बाटली आतून घासून धुवा. अंडी काचेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. ताटलीत खडे घालून पाणी भरून ठेवावं असा सल्ला सगळीकडे असतो. थंड देशांत ठीक आहे, आपल्याकडे नको.

काही कीड कोरड्या हवेत जास्त येते. पानाखाली बारीक जाळं आणि पानावर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. मातीवर बारीक चिलटं घोंघावायला लागली तर पाणी जास्त झालंय, माती सुकू द्या. पंधरवड्यातून एकदा पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसलीत तर यातलं निम्मं येतच नाही, शिवाय धूळ गेल्याने पान मोकळं होतं. आलीच तर झाड बाहेर नेऊन लिटरभर पाण्यात चमचाभर नीम तेल आणि थोडा भांड्यांचा साबण घालून फवारा. बंद खोलीत कसलंही कीटकनाशक मारायचं नाही. आणि ऑफिसात कोणाला दमा असेल, मातीच्या बुरशीने शिंका येत असतील, तर त्यांच्या टेबलाजवळ कुंडी नको, त्यांनी भिडेखातर हो म्हटलं तरी.

सुट्ट्या

कोकणातल्या ऑफिसाला वर्षातून दोनदा माणसं सोडून जातात, गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत हवा ओली असते, एसी बंद, त्यामुळे निघताना एकदा पाणी घातलं की आठ दिवस चिंता नाही. शिमगा कठीण. मार्चची कोरडी हवा आणि बंद खोलीचा उकाडा. निघायच्या दिवशी सगळ्या कुंड्या खिडकीपासून दूर, जमिनीवर एकत्र ठेवा. मध्ये पाण्याची झाकलेली बादली. जाड सुती दोरीचं एक टोक बादलीत, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं आत. दोरी आधी भिजवून घ्या, कोरडी दोरी पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवा.

मृगापासून पुढे

जूनमध्ये पाऊस धरला की सगळा खेळ उलटतो. मीटर एसी बंद असताना ऐंशीच्या पुढे जातं. रात्रभर बंद खोलीत फायलींवर, चामड्याच्या बॅगवर बुरशी येते. अशा वेळी आठ-दहा झाडं आत ठेवणं म्हणजे गळत्या घरात पाणी शिंपडणं. आकडा सलग तीन दिवस ६० च्या वर राहिला की झाडं बाहेर काढा.

आम्ही त्याला माहेरपण म्हणतो. गॅलरीत, जिन्याखाली, पागोळ्यांची धार थेट अंगावर पडणार नाही पण उडालेले तुषार मिळतील अशा जागी त्यांना ठेवतो. चार महिने खाऱ्या पाण्याचे क्षार मातीतून धुतले जातात, नवी पानं फुटतात. आत एखादी पीस लिली राहू द्या, पाणी निम्म्यावर आणा. एसीचं 'ड्राय' बटण दाबायचे दिवस हेच.

दसऱ्याच्या सुमाराला मीटर पुन्हा पन्नासच्या खाली दिसायला लागलं की झाडं परत आणायची. त्याआधी प्रत्येक कुंडी पाण्याने भरलेल्या टबात काठापर्यंत पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मातीत घर केलेल्या मुंग्या, गोगलगाई, गोम, जे असेल ते वर येतं. गेल्या वर्षी आम्ही घाईत एक अरेका तशीच उचलून आणली. दुपारी तिच्यातून एक बेडूक निघाला आणि फायलींच्या कपाटामागे गेला. दोन दिवस कोणाला सापडला नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी दार उघडलं तेव्हा तो एसीच्या पाण्याच्या बादलीला चिकटून बसलेला होता.